तीनशे तेरा लाकडी पाय

ज्या दिवशी वाळूची बादली काचेच्या पेटीत जाऊन बसली, त्या दिवशी आकडेबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती पुढे महिनाभर खाली उतरायचं नाव घेईना.

बादली साधीच. लाल, पत्र्याची, आग विझवायला म्हणून वाळू भरून ठेवतात तसली. संग्रहालयाच्या तळमजल्यावर, स्वच्छतागृहासमोर खिळ्याला टांगलेली. चाळीस वर्षांत आग एकदाही लागली नव्हती. लोक तिच्यात तिकिटांचे बोळे टाकत, आणि एका वर्षी एका मांजरीनं तिच्यात चार पिल्लं घातली होती. पण ही बादली म्हणजे अख्ख्या संग्रहालयातली सगळ्यांत मोलाची वस्तू आहे, हे नव्या संचालकांनी शोधून काढलं.

म्हणजे त्यांनी नाही, त्यांच्या यंत्रानं. आल्याआल्या त्यांनी दर दालनाच्या छताला लिंबाएवढा एकेक काळा डोळा बसवून घेतला होता. कोण कुठल्या वस्तूसमोर किती सेकंद थांबलं ते हा डोळा मोजायचा आणि वरच्या मजल्यावर साहेबांच्या पडद्यावर यादी लावायचा. यादीत बादली पहिली आली, सरासरी अकरा मिनिटं. आता स्वच्छतागृह एकच, रांग ही एवढी, आणि रांगेतल्या माणसाला समोर बघायला बादलीशिवाय दुसरं काही नाही. पण यंत्राला रांग कळत नव्हती आणि साहेबांना यंत्रापलीकडचं काही कळून घ्यायचं नव्हतं. बादलीला काच आली, वरून दिवा आला, खाली पाटी आली, 'अग्निसुरक्षेचा वारसा'. त्या दिवसापासून सगळे त्यांना पाठीमागे सेकंदसाहेब म्हणू लागले.

एवढं हसण्यावारी नेता आलं असतं. पण यादीला डोकं होतं तसं शेपूटही होतं. ज्या वस्तूसमोर सात सेकंदही कुणी थांबत नाही ती महिनाअखेर बाहेर, असा हुकूम निघाला. आणि शेपटाच्या अगदी टोकाला, चार सेकंदांवर, उभे होते आकडेबाईंच्या वडिलांचे तीनशे तेरा लाकडी पाय.

हे पाय म्हणजे कलबुतं. जोडे शिवताना आत घालायचे लाकडी साचे. आकडेबाईंचे वडील, अप्पा, हे शहरातले जोडेवाले. त्यांच्याकडे तयार मापाचा जोडा मिळत नसे. माणूस आला की त्याचा पाय कागदावर उतरवायचा, बोटांनी चाचपायचा आणि तसाच्या तसा लाकडात कोरायचा. अंगठ्याशी गाठ असली तर लाकडावर तिथं चामड्याचं ठिगळ चिकटवायचं, गाठ वाढली की ठिगळावर ठिगळ. शहरातल्या एकशे छप्पन्न माणसांचे जोडीजोडीनं पाय, आणि एक एकटाच डावा. दुकान बंद झालं तेव्हा अप्पांनी ते सगळे संग्रहालयाला दिले. आता ते एका लांबलचक कपाटात काचेमागे रांगेनं उभे होते. खाली पाटी, 'पादत्राण-साचे, लाकूड, ३१३ नग'. लोक येत, जांभई देत, पुढे जात. चारातले दोन सेकंद जांभईचेच.

आकडेबाई त्याच संग्रहालयात एकतीस वर्षं नोकरीला. त्यांचं काम एकच, आलेल्या प्रत्येक वस्तूवर तिचा क्रमांक घालायचा. वस्तूच्या तळाला, दिसणार नाही अशा जागी, तीन केसांच्या कुंचल्यानं. त्यांचे आकडे इतके बारीक की एकदा म्हणे त्यांनी पैज मारून एका मुंगीला क्रमांक घातला, आणि ती मुंगी पुढे चार महिने नोंदवहीत कीटक म्हणून हजर होती.

त्या तडक वर गेल्या.

"साहेब, माणसाचे पाय बाहेर आणि बादली आत?"

"बसा बाई." साहेब चाळिशीचे, याच शहरात वाढलेले, बारा वर्षं बाहेर काढून परत आलेले. "तुमचं दुःख मला समजतं. पण गेल्या वर्षी या इमारतीत माणसांपेक्षा कबुतरं जास्त आली. कौलं गळतायत. आपण बदललो नाही ना, तर पुढच्या वर्षी तुम्ही आणि मीच काचेत उभे राहू."

"मग बदला की! पाटी बदला, दिवा बदला. त्या बादलीला दिलात तसला एक दिवा पायांना द्या."

"पायांना उत्तम जागा मिळालीय." साहेबांनी पडद्यावर एक चित्र दाखवलं. "नवं हॉटेल होतंय ना, त्यांना हवेत. प्रवेशाच्या भिंतीवर. करार झालाय."

चित्रात भिंत होती. भिंतीतून लाकडी पाय आडवे बाहेर आले होते. आणि एकेका पायावर एकेक टोपी टांगली होती.

आकडेबाई उठल्या. त्यांनी साहेबांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलला. दारातला पहारेकरी एक पाऊल पुढे आला. पण बाईंनी तो उलटा केला, तळाचा क्रमांक पाहिला, म्हणाल्या, "हा खालच्या दालनातला आहे. परत ठेवते," आणि तो घेऊन निघून गेल्या.

घरी अप्पा खिडकीशी बसले होते. वय नव्वदीच्या पल्याड, नजर गेलेली, जीभ शाबूत. बापलेकी एकाच घरात राहत, दिवसभर भांडत, पण एकतीस वर्षं एका विषयावर अवाक्षर नव्हतं. तो विषय म्हणजे संग्रहालय. अप्पांनी तिथं पुन्हा पाऊल टाकलं नव्हतं, आणि त्याला कारण लेकच होती.

झालं होतं असं. प्रत्येक कलबुताच्या तळाला अप्पांनी पेन्सिलीनं माणसाचं नाव लिहिलं होतं. नुसतं नाव नाही, दोन-चार शब्दही. 'डावा पाय आधी टाकतो.' 'घाईचा माणूस.' 'पावसात दुखतो.' आणि आकडेबाई, नोकरीचा पहिलाच महिना, हात सुंदर, उत्साह दांडगा. नियम म्हणतो, क्रमांक स्वच्छ पृष्ठभागावर घालावा. त्यांनी बारीक पॉलिशकागद घेतला आणि तीन दिवस बसून तीनशे तेरा तळ घासून लख्ख केले. वर लाखेचा हात, त्यावर आकडा, आकड्यावर पुन्हा लाखेचा हात. नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'तळाशी पेन्सिलीच्या खुणा. साफ केल्या.' आणि खाली तीनशे बारा वेळा, 'वरीलप्रमाणे.' कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो हा. कपाटाच्या उद्घाटनाला अप्पा आले, एक पाय उचलून उलटा केला, बोट फिरवलं, ठेवला आणि घरी गेले.

"अप्पा," आकडेबाई म्हणाल्या, "तुमचे पाय हॉटेलात चाललेत."

"माझे दोन इथंच आहेत. तिसरा कुणाचा न्यायचा तो ने."

"अप्पा, ऐका. तुम्ही या. कुठला पाय कुणाचा ते सांगा. नावं पुन्हा लिहिते. नावं असली की लोक थांबतील."

"आता नावं हवीत होय? तेव्हा मळ होता तो!"

"चुकले. शंभरदा चुकले."

"तीनशे तेरादा." अप्पांनी तोंड फिरवलं. "आणि आता मला काय आठवतंय? माझी कवळी कुठं ठेवली ते सकाळपासून शोधतोय."

"तोंडात आहे."

"बघ! त्यापेक्षा जाऊ दे हॉटेलात. निदान चार माणसं बघतील."

"त्यांच्यावर टोप्या टांगणार आहेत."

अप्पांनी तोंड परत इकडे केलं. नंतर त्यांनी अगदी हळू विचारलं, "कशावर काय?"

"पायांवर टोप्या."

त्यानंतर त्या घरात जे शब्द उच्चारले गेले ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. शेजारच्या घरातला पोपट ते ऐकून आठ दिवस मुका झाला होता असं सांगतात. शेवटी अप्पा काठी शोधत उठले. "डोक्याचं पायावर ठेवणार? मी माणसाच्या पायाचं चालणं लाकडात उतरवलं, आणि हे टोप्या लटकवणार? चल. आत्ता."

महिना संपायला दहा दिवस होते.

दुसऱ्या दिवसापासून अप्पा रोज कपाटासमोर खुर्ची टाकून बसू लागले. कपाटाची किल्ली आकडेबाईंकडे होतीच. एकेक पाय त्यांच्या मांडीवर यायचा, ते बोटं फिरवायचे आणि मोठ्या आवाजात बोलायचे. आकडेबाई पेन्सिल घेऊन शेजारी. पहिला पाय घेतला, क्रमांक एकशे अठराचा.

"हा पोस्टमनचा," अप्पा म्हणाले. "लिहू नकोस अजून. हा माणूस पत्रं वाटायच्या आधी स्वतः वाचायचा. रडकं पत्र असलं की नदीत टाकून द्यायचा. म्हणून आपल्या शहरात एक वर्ष कुणी मेलंच नाही."

दोन बायका आणि एक म्हातारा थांबले. खुदकन हसले. वर डोळ्यानं मोजलं, एक्केचाळीस सेकंद.

आकडेबाईंना हायसं वाटलं. तिसऱ्या दिवशी मात्र अप्पांनी पुन्हा एकशे अठरा उचलला आणि म्हणाले, "हा सुईणबाईंचा. इतकी आळशी की पोरं स्वतःच बाहेर येऊन तिला उठवायची."

"अप्पा!" त्या कानाशी वाकल्या. "परवा हा पोस्टमनचा होता."

"असेल."

"तुम्ही खोटं सांगताय?"

"मग काय खरं सांगू? खरं तू घासून टाकलंस."

आकडेबाईंच्या हातातली पेन्सिल मोडली. एकतीस वर्षं त्यांनी एक आकडा चुकवला नव्हता, आणि इथं बाप भर दालनात, त्यांच्याच कपाटापुढे, थापा मारत होता! "उद्यापासून येऊ नका," त्या म्हणाल्या. "हॉटेल परवडलं. तिथं निदान कुणी खोटं बोलणार नाही." त्या दिवशी बापलेक घरी परतले ते रस्त्याच्या दोन कडांनी.

पण चौथ्या दिवशी सकाळी, दार उघडायच्या आधी, बाहेर सात माणसं उभी होती. सगळ्यांची नाकं एकसारखी, आणि सगळी संतापलेली.

"कुठंय तो जोडेवाला? आमच्या आजीला आळशी म्हणाला?"

आकडेबाईंनी भीतभीत त्यांना आत नेलं. पहारेकऱ्याचा हात धरून अप्पा आधीच येऊन बसले होते, रागावलेल्या लेकीला न विचारता.

"हा आमच्या आजीचा पाय?" त्यांतली थोरली बाई एकशे अठरा हातात घेऊन कडाडली. "हा? अहो, आमच्या आजीचा पाय फावड्यासारखा! सहा हजार पोरं काढली तिनं, रात्र म्हणाली नाही, दिवस म्हणाली नाही. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती तिची. उघडा ते कपाट!"

कपाट उघडलं. सातही जणांनी पाय उपसले. वीस मिनिटं एकमेकांवर ओरडत, 'तो नाही', 'अरे तुला काय माहीत, तू तेव्हा जन्मला तरी होतास का' करत, शेवटी त्यांनी एक पाय बाहेर काढला. दोनशे चार. फावड्यासारखा रुंद. करंगळीच्या जागी चामड्याचं ठिगळ. थोरल्या बाईनं तो छातीशी धरला आणि अप्पांना शिव्या द्यायची थांबली.

"नाव?" अप्पांनी विचारलं.

तिनं सांगितलं.

"लिही," अप्पा लेकीला म्हणाले. "आता लिही. आणि आकड्याच्या बाजूला लिही, खाली नको."

आकडेबाईंनी लिहिलं. पण राग गेलेला नव्हता. माणसं गेल्यावर त्यांनी विचारलं, "हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"पोरी, खरं ऐकायला कोण येतं? एकतीस वर्षं तुझी पाटी खरंच बोलत होती ना? 'लाकूड, तीनशे तेरा नग.' आलं कुणी? बापाबद्दल एक खोटं बोल, अख्खं खानदान जोडे हातात घेऊन धावत येतं."

आणि आलं. शहरात एकच खळबळ उडाली. ज्याला त्याला कळलं की संग्रहालयात एक म्हातारा बसून मेलेल्यांची अब्रू काढतोय. घड्याळवाल्याचे नातू आले, कारण अप्पा म्हणाले होते की तो कधी वेळेवर आला नाही. एक मुख्याध्यापिका आली, तिच्या काकांना चोरपावलांचे म्हटलं होतं म्हणून. दोन घरांनी एकाच पायावर हक्क सांगितला आणि तासभर ओढाओढ केली. कुणी जुने फोटो आणले, कुणी माळ्यावरचे जोडे आणले आणि कलबुतावर चढवून पाहिले. जोडा चपखल बसला की आरडाओरडा एकदम थांबायचा. मग नाव. मग पेन्सिल. सातव्या दिवशी बादलीपुढची रांगसुद्धा मोडून कपाटापुढे आली, आणि स्वच्छतागृह सताड मोकळं पडलं.

यादीत पाय पहिले आले, चौदा मिनिटं. बादली दुसरी.

आकडेबाई जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून वर गेल्या. "साहेब, सात सेकंद हवे होते ना? मोजा!"

साहेब हसले. हसण्यात कपट नव्हतं, हेच वाईट होतं. "बाई, मी खूश आहे. हेच मला हवं होतं. पण यादी नीट वाचा. लोक लाकडासाठी थांबत नाहीत, तुमच्या वडिलांसाठी थांबतात. त्यांना आपण माइक देऊ, उंच खुर्ची देऊ, अकरा ते एक असा कार्यक्रम ठेवू. आवाज साठवून ठेवू, म्हणजे पुढं… त्यांच्या पश्चातही. लाकूड कशाला लागतं त्याला? हॉटेलची गाडी परवा येतेय."

"बाप काचेत आणि पाय हॉटेलात?"

"काळ बदलतोय, बाई."

"काळ बदलतोय तो तुमच्या यंत्रात!" आकडेबाई ओरडल्या. एकतीस वर्षांत त्या इमारतीत त्यांचा आवाज प्रथमच चढला असेल. "ती बाई आजीचा पाय छातीशी धरून उभी होती, ते किती सेकंद होते, विचारा तुमच्या डोळ्याला!"

"बावीस," साहेब पडद्याकडे बघून म्हणाले.

घरी त्यांनी अप्पांना सगळं सांगितलं. अप्पांनी बराच वेळ कवळी कटकट वाजवली. मग विचारलं, "हा साहेब कुणाचा कोण?"

"कवायत मास्तरांचा मुलगा. तुम्हाला आठवतात? शाळेच्या मैदानावर…"

"हं," अप्पा म्हणाले. बस, एवढंच.

तिसऱ्या दिवशी गाडी दाराशी लागली. दोन माणसं रिकामी खोकी घेऊन आत आली. दालनात शंभरेक लोक जमले होते, सगळे कुठल्या ना कुठल्या मेलेल्या माणसाच्या बाजूनं तापलेले. साहेब जिन्यावर उभे होते. अप्पा खुर्चीत. त्यांनी बोटांनी एक पाय निवडला, नाजूक, निमुळता, आणि आवाज चढवला.

"हा पाय कवायत मास्तरांचा! शहरभर छाती काढून हिंडायचे, पण एक नंबरचे भित्रे. कुत्रं दिसलं की पोरांना म्हणायचे, 'मागे फिर!' त्यामुळे आमची शाळा संचलनात नेहमी उलटी चालत असे!"

लोक खो-खो हसले. जिन्यावर काहीतरी आदळलं. साहेबांच्या हातातली फाइल होती ती.

"खोटं!" ते गर्दीतून वाट काढत आले. कॉलर वाकडी, तोंड लाल. "माझ्या वडिलांबद्दल एक शब्द बोलाल तर… हा त्यांचा पाय नाही!"

"हाच."

"नाही म्हणतो ना!"

"तुम्हाला काय कळतं त्यातलं, साहेब? लाकूड आहे ते. तीनशे तेरा नग."

साहेबांनी तो निमुळता पाय बाजूला फेकला. आकडेबाईंनी तो वरच्यावर झेलला. साहेबांनी कपाटात हात घातला. एक काढला, टाकला. दुसरा, तिसरा. घाम निथळत होता. खोकीवाले खोकी धरून थबकले होते. कुणी हसत नव्हतं. पाव तासानं, खालच्या फळीच्या कोपऱ्यातून, त्यांनी एक उजवा पाय ओढून काढला. त्याच्या टाचेखाली बोटभर जाडीचा बुचाचा तुकडा डकवलेला होता.

"हा," साहेब म्हणाले. "हा आहे." आणि एकदम गप्प झाले. कारण आता शंभर माणसांना कळलं होतं की जन्मभर सरळसोट चाललेल्या कवायत मास्तरांचा एक पाय बोटभर आखूड होता.

"ते रोज सकाळी दार लावून जोडे घालायचे," साहेब हळू म्हणाले. मग पुन्हा संतापले. "तुम्हाला माहीत होतं! तुम्हीच बूच लावलंत. मग खोटं का बोललात?"

"गिऱ्हाईकाचा पाय मी कुणाला सांगत नाही," अप्पा म्हणाले. "माझ्या तोंडून नाही निघालं. पोटच्या पोरानं सांगितलं, तो त्याचा हक्क."

साहेब तो पाय धरून उभे राहिले. खोकीवाल्यानं विचारलं, "साहेब, भरायला घेऊ का?"

"चालते व्हा!" साहेब गरजले. "गाडी घेऊन चालते व्हा! आणि हॉटेलवाल्याला सांगा, टोपी डोक्यात घाल म्हणावं!" मग अप्पांकडे वळून, त्याच सुरात, "आणि तुम्ही! उद्यापासून या दालनात पाऊल टाकाल तर याद राखा!"

"साहेब," दारातला पहारेकरी म्हणाला, "त्यांना अडवायचं कसं? ते तिकीट काढून येतात."

त्या संध्याकाळी यादीत नोंद होती, संचालक, पायांचं कपाट, सव्वीस मिनिटं. ती नोंद साहेबांनी पुसायला सांगितली. आकडेबाई म्हणाल्या, पुसण्याचं काम आपण सोडलं.

साहेब आणि अप्पा पुढे एकमेकांशी कधी बोलले नाहीत. बादली परत खिळ्याला गेली. 'लाकूड, ३१३ नग' ही पाटी निघाली आणि पाय उलटे, तळ लोकांकडे करून मांडले गेले, म्हणजे नावं दिसतात. बाजूला बारीक आकडेही दिसतात. आकडेबाईंची चूक रोज त्यांच्या डोळ्यांसमोर असते, आणि ती तशीच राहावी असं त्यांनीच साहेबांना लिहून दिलं आहे.

एकोणीस जोड्या आणि तो एकटा डावा मात्र अजून बेवारशी आहेत. त्यांच्यावर अप्पा रोज नवी थाप मारतात. डाव्याला त्यांनी आजवर दरोडेखोर केलं, बायकोला भिणारा केलं, झोपेत चालून दुसऱ्या शहरात लग्न करून आलेला केलं. मग काठीवर हनुवटी टेकून दाराकडे कान लावून बसतात. कुणीच धावून येत नाही. आणि त्या एका पायावरून अजून कुणाला राग येत नाही, याचाच अप्पांना सगळ्यांत जास्त राग येतो.